कपाळावरचे दोन लाल डाग

नमस्कार मॅडम,
मी लातूरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे, नीटची तयारी करतोय. पहाटे साडेपाचला क्लासला जातो, रात्री दीडपर्यंत वाचत बसतो. गेल्या महिन्यात त्याच्या कपाळावर दोन लाल डाग दिसले. "पिंपल आहेत," म्हणाला. मग कपाटात चपलांच्या खोक्यात नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी आणि भांडी घासायच्या स्पंजाचे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे सापडले. विचारलं तर म्हणे, "आई, याला ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. याने लक्ष विचलित होत नाही, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." एकदा वायर लावताना डोळ्यांपुढे वीज चमकली, हेही त्यानेच सांगितलं. हे सुरू केल्यापासून दोन आठवड्यांत क्लासच्या टेस्टला ४० मार्क वाढले, असं तो ठासून सांगतो. तो दीड वर्षाचा असताना तापात त्याला एकदा झटका आला होता. हे सगळं खरं आहे की थोतांड? बॅटरी फेकली तर तो दुसरी आणेल. काय करू?
– लातूरहून एक आई

ताई,

बॅटरी आजच काढून घ्या. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल.

फक्त काढून घेताना "हे थोतांड आहे" म्हणू नका. ते थोतांड नाही, आणि तसं म्हणालात तर त्या दिवसापासून या विषयावर तो तुमचं एक अक्षर ऐकणार नाही. मुलगा खोटं बोलत नाहीये. त्याने अर्धं वाचलंय, एवढंच. राहिलेलं अर्धं मी सांगते. मी काही वर्षं अशाच एका प्रयोगशाळेत लोकांच्या डोक्याला ओले स्पंज बांधण्यात घालवली आहेत, त्यामुळे त्या चपलांच्या खोक्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. भीती मात्र वाटली.

ती का वाटली ते त्याला त्याच्याच भाषेत सांगता येईल. ओहमचा नियम त्याला तोंडपाठ असणार. प्रयोगशाळेत डोक्यातून साधारण एक ते दोन मिलिअँपिअर वीज सोडतात, तीही जास्तीत जास्त वीस-तीस मिनिटं. नऊ व्होल्टच्या वाटेत साडेचार हजार ओहमचा रोध असेल तर बरोबर दोन मिलिअँपिअर येतात. इथवर त्याचं गणित चुकलेलं नाही. पण हा रोध बाजारातून आणलेला नसतो, तो कातडीचा असतो. कातडी भिजली, घामेजली, खरचटली की तो झपाट्याने उतरतो. समजा दीड हजारावर आला, तर वीज सहा मिलिअँपिअर. आमच्या यंत्रात ठरलेल्या आकड्याच्या वर वीज जाऊच नये अशी सोय असते. रोध कमी झाला की यंत्र स्वतःहून व्होल्ट कमी करतं. त्याच्या बॅटरीला हे कसं कळणार? शिवाय स्पंजाचा एखादा कोपरा सुकला तर सगळी वीज उरलेल्या ओल्या भागातून घुसते, आणि मिठाच्या पाण्यातून वीज गेली की तारेपाशी आम्ल आणि अल्कली तयार होतात, हे त्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच. कपाळावरचे डाग त्यामुळेच पडलेत. फोड आलेला असेल किंवा आठवड्याभरात डाग गेला नाही, तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि कशाने झालं ते त्यांना खरं सांगा.

डोळ्यांपुढे चमकलेली वीज म्हणजे मेंदू जागा झाल्याची खूण, असं त्याला वाटलं असेल. तसं नाही. कपाळ डोळ्यांना लागून आहे. तिथे वीज एकदम सुरू किंवा बंद झाली की डोळ्याच्या आतला पडदा चाळवतो आणि उजेड दिसतो. यंत्रात वीज काही सेकंद हळूहळू चढवतात आणि तशीच उतरवतात, म्हणून हे सहसा होत नाही. वायर हाताने टेकवली की एकदम धक्का बसणारच.

आणि तो तापातला झटका. दीड वर्षाच्या मुलाला तापात झटका येणं ही तशी नेहमीची गोष्ट आहे, बहुतेकांना पुढे काही होत नाही. तुम्ही घाबरून जाऊ नका. पण मेंदूला उत्तेजन देण्याआधी आम्ही जो कागद भरून घेतो, त्यात हा प्रश्न असतोच: पूर्वी कधी झटका आलाय का? लहानपणी, तापात, तरीही लिहा. त्यात "हो" लिहिणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला मी निव्वळ प्रयोगासाठी खुर्चीतही बसवलं नसतं. आणि आईवडिलांच्या सहीशिवाय तर दारातूनच परत पाठवलं असतं.

आता त्याचा मुद्दा: शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. काय सिद्ध केलंय ते पाहू. मला स्वतःला या विषयाचा सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हाच आहे, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

सन २००१मध्ये अमेरिकेत प्रिन्सटनला टिरिन मूर आणि मझियार फल्ला यांनी माकडांवर एक प्रयोग केला. माकडाने नजर मध्यावर रोखून धरायची आणि डोळे न हलवता बाजूच्या एका ठिपक्यावर लक्ष ठेवायचं. तो ठिपका क्षणभर किंचित मंद होतो, तेवढं ओळखायचं. भोवती दुसरे ठिपके सारखे लुकलुकत असतात, मुद्दाम लक्ष उडवायला. (वर्गात मागच्या बाकावर कुजबुज चालू असताना फळ्याकडे बघायला सांगतो, तसंच.) माकडाच्या मेंदूच्या पुढच्या भागात एक जागा आहे, तिथून नजर वळवण्याचे हुकूम सुटतात. तिथे केसासारख्या बारीक तारेतून अगदी थोडी वीज सोडली. डोळा हलणार नाही, इतकी थोडी. तर माकडाला ठिपक्यातला आणखी बारीक फरकही कळायला लागला. गंमत अशी की, तारेखालच्या पेशींनी नजर जिथे वळवली असती, त्याच जागी ठिपका असेल तरच हा फायदा. ठिपका दुसरीकडे असेल तर काही नाही.

म्हणजे कळलं काय? डोळा वळवणारी यंत्रणा आणि लक्ष वळवणारी यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. "माकड हुशार झालं" असा निष्कर्ष कोणीच काढला नाही. विजेने तिथे एक प्रश्न विचारला होता. मेंदूचे नुसते फोटो काढले तर काम करताना अमुक भाग उजळतो एवढंच दिसतं. तो भाग ते काम करतोय की नुसता शेजारी बसलाय, हे फोटोवरून ठरत नाही. ते ठरवायचं तर त्या भागाला हात लावून बघावा लागतो. उत्तेजन आहे ते यासाठी.

माणसाच्या डोक्यात तार घालता येत नाही, म्हणून बाहेरून दोन रस्ते निघाले. एक तुमच्या मुलाचा, ओल्या स्पंजांतून मंद वीज सोडण्याचा. त्याला टीडीसीएस म्हणतात, आणि जर्मनीत ग्यॉटिंगेनला नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली जे काम छापलं, त्यानंतर त्याचं पेव फुटलं. दुसरा रस्ता चुंबकाचा, टीएमएस. इंग्लंडात शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी तो १९८५ साली दाखवला. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा झोत क्षणभर सोडायचा, त्याने चुंबकीय क्षेत्र झपकन बदलतं, आणि कवटीच्या आत वीज उमटते. हा फॅरेडेचा नियम. मुलाला विचारा, बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे.

मी स्वतः त्या वेटोळ्याखाली बसले आहे. कानात बोळे घालून बसवतात, कारण दर वेळी टाळी वाजवल्यासारखा कडक आवाज होतो. आधी ते वेटोळं डोक्यावर हातभर... नाही, बोटभर बोटभर सरकवत हात हलवणारी जागा शोधतात. आणि एका जागी टक्‌ झालं की उजवा अंगठा आपोआप उडतो. मी हलवलेला नसतो! मांडीवर ठेवलेला माझाच अंगठा दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा उडताना पाहिला, तेव्हा मला हसू आलं आणि थोडं कसंतरीही झालं. किती जोराचा झोत पुरतो ते त्या अंगठ्यावरून ठरवतात.

या चुंबकाने लक्षाबद्दल जे दाखवलं त्यात तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उजव्या बाजूच्या मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डावीकडचं जग असून नसल्यासारखं होतं. डोळे धड असतात. पण ताट वाढलं की उजवीकडची भाजी, आमटी संपवतात आणि ताटाची डावी बाजू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, तशीच पडून राहते. वर म्हणतात, कोशिंबीर वाढलीच नाही. सन २००१मध्येच बोस्टनला हिल्गेटाग, तेओरे आणि पास्कुआल-लिओने यांनी धडधाकट लोकांच्या त्याच भागावर एका बाजूने दहा मिनिटं, सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांचं टीएमएस दिलं. असे संथ ठोके त्या भागाला थोडा वेळ थंड करतात. अपेक्षेप्रमाणे विरुद्ध बाजूचे ठिपके लोकांकडून निसटायला लागले. पण त्याच बाजूचे ठिपके त्यांना आधीपेक्षा जास्त दिसायला लागले. मेंदूची दोन्ही अंगं लक्ष आपल्याकडे ओढत असतात. एकाचा जोर कमी केला की दुसरं जिंकतं.

आता मुलाला विचारा, यात लक्ष वाढलं की कमी झालं? एका बाजूला वाढलं, दुसऱ्या बाजूला गेलं. बातमीचा मथळा मात्र "मेंदूच्या उत्तेजनाने लक्ष सुधारलं" असाच येणार.

हेच देणंघेणं पुढेही दिसतं. ऑक्सफर्डच्या युकुलानो आणि कोहेन कादोश यांनी २०१३ साली तरुणांना आकड्यांची नवी चिन्हं शिकवली आणि सोबत टीडीसीएस दिलं. डोक्याच्या मागच्या भागावर दिलं तेव्हा शिकणं लवकर झालं, पण शिकलेलं न विचार करता झटकन वापरणं कच्चं राहिलं. पुढच्या भागावर दिलं तर नेमकं उलटं. तुमच्या मुलाला दोन्ही हवंय ना? तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे तर दोन्ही लागतं. आणि कपाळावर स्पंज कुठे ठेवल्याने काय मिळतंय आणि काय जातंय, हे त्याला कसं कळणार? मुळात त्यातली बरीचशी वीज कवटीत शिरतच नाही, टाळूच्या कातडीतूनच एका स्पंजाकडून दुसऱ्याकडे जाते.

हे असे चांगले वाटणारे निकाल एकत्र ठेवले की चित्र आणखी फिकं होतं. होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली निरोगी लोकांवरच्या एकेका बैठकीच्या टीडीसीएसचे कितीतरी प्रयोग मोजून पाहिले. विचारशक्तीवर खात्रीचा परिणाम हाती लागला नाही. त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर बरीच भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत, आणि माझ्या मते काही आक्षेप रास्त होते. पण "सिद्ध केलंय" या शब्दाला आता जागा नाही.

तुमच्या मुलाच्या जवळचे दोन प्रयोग आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये वेस्टवूड, रुबिया आणि त्यांच्या गटाने एडीएचडी (लक्ष न लागणं, अति चंचलपणा) असलेल्या ५० मुलांना १५ बैठका टीडीसीएस दिलं, सोबत मेंदूचे सराव. अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना लटकं. २०२१ साली निकाल आला: लटक्यापेक्षा खऱ्याचा फायदा दिसला नाही. उलट बाजूही सांगते. ब्राझीलमध्ये एडीएचडी असलेल्या ६४ मोठ्या माणसांना चार आठवडे घरी रोज अर्धा तास टीडीसीएस दिलं, आणि २०२२ साली त्यांची लक्ष न लागण्याची तक्रार कमी झाल्याचं छापून आलं. मला तो अभ्यास आश्वासक वाटतो. पण ती माणसं प्रौढ होती, निदान झालेली होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, आणि यंत्र त्यासाठीच बनवलेलं होतं.

वर "लटकं" म्हटलं, तेही सांगून टाकते, कारण मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. लटक्या बैठकीत स्पंज तसेच बांधतात, वीज अर्धा मिनिट चढवतात, मुंग्या चावल्यासारखं वाटतं, आणि मग गुपचूप बंद करतात. एकदा मीच बसले होते. मिठाचं पाणी ओघळून कानामागे आलेलं, कपाळ चुरचुरत होतं, आणि वीस मिनिटं मला डोकं लख्ख झाल्यासारखं वाटत होतं. पडद्यावरच्या बाणांची दिशा मी भराभर ओळखत होते. बाहेर आल्यावर सहकाऱ्याला म्हटलं, आज मस्त लागला करंट. कोणाला खरं, कोणाला लटकं ते लिहिलेलं बंद पाकीट महिन्याभराने उघडलं तेव्हा कळलं, त्या दिवशी करंट नव्हताच. आजही तो प्रसंग आठवला की ओशाळायला होतं.

दोन आठवड्यांत ४० मार्क वाढले असतील, मला शंका नाही. रोज टेस्ट देणाऱ्याचे ते तसेही वाढतात. त्याच्या वर्गात बॅटरी न लावणाऱ्या मुलांचे किती वाढले, हे त्याला विचारा. चिडून नाही, खरंच विचारा. प्रयोग केलाय म्हणतो ना, मग तुलनेला कोण घेतलं?

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य बॅटरीचं नाहीच. रात्री दीड आणि पहाटे साडेपाच. म्हणजे चार तास झोप, तीही आवरायचा वेळ धरला तर पुरती नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं, काहींना चारच. सहा तासवाल्यांचंसुद्धा लक्ष शेवटी इतकं ढासळलं की जणू एक-दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, आपण ठीक आहोत असंच ते सांगत होते. तुमचा मुलगा रोज रात्री स्वतःचं लक्ष काढून घेतो आणि रोज सकाळी ते कपाळावर स्पंज बांधून परत मागतो. क्लासची वेळ बदलणं तुमच्या हातात नसेल, मला कल्पना आहे. पण दीडचे अकरा करणं घरात जमेल. त्यासाठी भांडायची पाळी आली तर भांडा. बॅटरीपेक्षा याच्यासाठी भांडण करणं मला जास्त योग्य वाटतं.

तो पुन्हा बॅटरी आणेल ही तुमची भीती खरी आहे. नुसतं हिरावून घेतलंत तर आणेलच. त्याच्या हातून प्रयोग काढून घेताय, तर हातात दुसरा प्रयोग द्या. घरात स्केचपेन असतील. एका कागदावर रंगांचे तीस ठिपके काढा, लाल, हिरवा, निळा, काळा, कसेही मिसळून. दुसऱ्या कागदावर रंगांची तीस नावं लिहा, पण उलट्या शाईत: 'लाल' हिरव्याने, 'निळा' लालने. दोन्ही कागदांवर फक्त शाईचा रंग मोठ्याने सांगायचा, शब्द वाचायचा नाही. मोबाइलच्या घड्याळावर वेळ धरा. जॉन रिडली स्ट्रूप नावाच्या अमेरिकन माणसाने १९३५ साली छापलेली ही युक्ती आहे, आणि आजही मेंदूच्या प्रयोगशाळांत चालते. दुसऱ्या कागदाला जास्त वेळ लागणारच, कारण शब्द डोळ्यांत घुसतो आणि तो बाजूला सारावा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतला फरक म्हणजे त्याच्या डोक्याला लक्ष उडवणाऱ्या गोष्टीची मोजावी लागणारी किंमत.

हे दहा दिवस, रोज एकाच वेळी, शब्दांचा क्रम बदलून. काही दिवस अकराला झोपल्यानंतर, काही दिवस दीडला. काही दिवस मोबाइल टेबलावर, काही दिवस तुमच्या खोलीत. आकडे वहीत. फरक पडेलच असं मी म्हणत नाही, तेच तर बघायचंय. एक मात्र आत्ताच सांगते: पाचव्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा भराभर म्हणेल, कपाळाला काहीही न लावता. तो आकडा दिसला की ४० मार्कांबद्दल तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

एक गोष्ट तुम्ही आठवून पाहा. हे लक्ष न लागणं नीटच्या तयारीपासूनचं आहे, की अगदी पहिली-दुसरीपासून बाई "वस्तू हरवतो, अर्धवट सोडतो, खिडकीबाहेर बघतो" अशा तक्रारी करायच्या? तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुमची नजर यात तयार असणार. लहानपणापासूनचं असेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येईल. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि मुलगा स्वतःच "माझं डोकं चालत नाही, मी मागे पडलोय" असं वारंवार म्हणत असेल, तर लहानपणीच्या तक्रारी असोत नसोत, थांबू नका. १७व्या वर्षी कपाळाला वीज लावून घेण्याइतकं परीक्षेचं दडपण आलंय, एवढं कारण पुरेसं आहे.

हे पत्र त्याला वाचायला द्या. २०१६ साली या विषयातल्या ३९ संशोधकांनी घरी स्वतःवर टीडीसीएस करणाऱ्यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं होतं, तेही त्याला शोधायला सांगा. इंग्रजीत आहे, पण "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" हे त्याने कुठेतरी वाचलंय, म्हणजे हेही वाचेल. त्यात कोणी त्याला वेडा म्हटलेलं नाही. आम्हाला जे माहीत नाही ते तुम्ही स्वतःवर करताय, असं लिहिलंय.

स्ट्रूपचे आकडे मला पाठवा. तुम्हीही म्हणून पाहा, दोघांचे वेगवेगळ्या रकान्यात लिहा. स्पंज मात्र पुन्हा भांड्यांसाठी वापरू नका, टाकून द्या.